मानशीकार

पणजीच्या नोंदणी कार्यालयात बाईंनी विचारलं,
माणुसकर की मानसकर?
म्हटलं, मानशीकार. श शहाळ्यातला.
त्यांनी संगणकावर शोधलं.
संगणक म्हणाला, असं कुणी नाही.

मग खालच्या कपाटातून पोर्तुगीज वही निघाली.
वाळवीने कडा खाल्लेली, पण शाई निळीच.
तिथे बाबा होते. बाबलो गणेश.
आडनावातल्या श साठी एक्स:
मधोमध फुली,
चुकलेल्या गणितावर मारतात तशी.

मी तर लग्नानंतर वेर्णेकर झालेय, बत्तीस वर्षं झाली.
तरी पासपोर्टला माहेर लागतं
आणि माहेराला पुरावा.

त्या फुलीमागून निघाले ती अशी निघाले.

चोडणला चार घरं. एकाला कुलूप.
कारवारला उल्हास, मोटारींचे सुटे भाग विकतो,
पाटीवर जागा पुरली नाही म्हणून नुसतं 'मानशी' लिहिलंय.
बेळगावची एक दंतवैद्य.
ती फोनवर म्हणाली, आम्ही मूळचे राजस्थानचे ना?
बडोद्याच्या वसंतकाकांनी आडनाव कधीच बदललं.
कारण विचारलं तर म्हणाले,
अगं, दर वेळी सांगत बसायचं किती?

आणि दिवाडीला जुझे आंतोन रिबेलो.
पाव आणि चहा समोर ठेवून म्हणाला,
रिबेलो पाद्रीचं नाव, पाण्यासोबत मिळालेलं.
पण गावात कुणालाही विचार,
या घराला अजून मानशीकारागेर म्हणतात.
मग थोडं थांबून:
तुमचे होडीत बसले. आमचे राहिले.
भात कापणीला आलं होतं, कुणीतरी राहायला हवंच होतं.

हे खरं की त्याच्या आजीने रचलेलं, मला माहीत नाही.
मी वहीत उतरवून घेतलं. चहा गोड होता.

रायबंदरची फेरी पकडून शेवटी चोडणला गेले,
खाजनाच्या बांधावरून, चप्पल हातात घेऊन,
कारण चिखल चप्पल परत देत नाही.
नदी डावीकडे, शेत उजवीकडे,
आणि शेत नदीपेक्षा खाली.
हे लहानपणी पाहिलेलं, कळलं मात्र त्या दिवशी.

मानस म्हणजे एवढंच:
बांधाला ठेवलेलं दार.
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
रात्री दोनला असो, घरात मयत असो.
एक फळी चुकली की कोरगुटाचं शेत खारट,
तीन वर्षं दाणा नाही, सगळा गाव उपाशी.
त्या दाराशी जो झोपायचा, तो मानशीकार.
झोपायचा म्हणजे, झोपायचा नाही.

दाराशी एक माणूस होता. विडी विझवून उभा राहिला.
पावणीत मासळीचा ठेका घेतलेल्या शेठने ठेवलेला,
झारखंडचा, गुमल्याकडचा. मंगरा टोप्पो.
समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणे वाटलं,
कुणीतरी नळ चालू ठेवून गेलंय.
मी आडनावाचा अर्थ विचारला, सवयीने.
टोप्पो म्हणजे सुतारपक्षी, तो म्हणाला.
आम्ही त्याला मारत नाही.
आणि तुमचं?

वेर्णेकर सांगणार होते.
बोट आपोआप त्याच्या हातातल्या फळीकडे गेलं.
म्हटलं, हे.

त्याला मजा वाटली. फळी उलटसुलट करून पाहिली,
जणू पाठीमागे काही लिहिलेलं असेल.
मग पाण्याकडे बघून म्हणाला,
बाई, भरती लागलीय. ते टोक धरता का?

फळी भिजून जड झालेली, शेवाळाने निसरडी.
माझ्याकडून खाचेत बसेना.
जरा तिरकी, तो म्हणाला, तिरकी करा,
आणि मी साडीचा पदर दातात धरून
तिरकी केली.

अर्ज अजून पणजीला पडून आहे.
नाव दुरुस्तीचं कारण, या रकान्यात
मी अजून काही लिहिलेलं नाही.