एकवीस मिलिमीटर

कणकुंबीत, शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर
एक पांढरी पेटी आहे.
ती काही पाठवत नाही.
गोठ्यात बसल्या बसल्या म्हैस एक कान
वाटेकडे फिरवून ठेवते,
तशी ती असते, रात्रंदिवस, वर.

पाण्याला ऊब असते, आणि ऊब बोलते,
आपल्या कानांना कधीच न पोचणाऱ्या पट्टीत.
तेवीस गिगाहर्ट्झच्या आसपास वाफेचा आवाज मोठा,
एकतीसला ढगातल्या थेंबांचा.
पण दोघी बोलतात एकदमच,
एकीच्या वाक्यात दुसरी.
त्यांना सोडवून वेगळं लिहायचं,
हे मी सात वर्षं करतोय.

सहा महिन्यांतून एकदा पेटीला थंडी दाखवावी लागते,
नाहीतर तिचं उबेचं भान घसरतं.
थंडी जांबोटीहून येते.
गुरांच्या दवाखान्यातला कल्लाप्पा बस्तवाडकर
नायट्रोजनची टाकी जीपमध्ये उभी बांधून आणतो,
वळणावळणाला शिव्या देत:
"वळूचं बीज ठेवायचं सामान हे,
तुमच्या आभाळाला कशाला हो?"
थर्माकोलच्या खोक्यात ओतलं की पांढरा धूर
वर न जाता खाली सांडतो,
शिडीच्या पायऱ्या उतरतो,
शाळेची पोरं त्यात पाय बुडवून उभी राहतात.
उणे एकशे शहाण्णव.
पेटी ते बघते आणि जवळजवळ गप्प होते.
म्हणजे बरोबर.

दंवाचंही सांगायला हवं.
परवा पहाटे आकडा एकाएकी चढला, चाळीस, साठ,
बेळगावच्या ऑफिसातून निंगाप्पाचा फोन,
"मळे बंतेनु?"
फेब्रुवारीत कसला पाऊस.
वर गेलो तर पंखा बंद,
आणि पेटीच्या पातळ पापुद्र्यावर दंव,
ओंजळीच्या तळालाही पुरणार नाही इतकं.
दहा किलोमीटर वरचं ऐकणारी ती
अंगावरच्या ओलीनं बहिरी झालेली.
पंचानं पुसलं.
"इप्पत्तोंदु," निंगाप्पा म्हणाला.
मी वहीत लिहिलं, एकवीस.

टाकीवर माझ्याआधीपासून हक्क शिवाक्काचा.
ती तिथं मिरच्या वाळत घालते.
पंख्याच्या घरघरीनं माकडं फिरकत नाहीत,
पेटीचा तेवढा उपयोग तिला मान्य आहे.
आज मात्र विचारलंन,
"काय म्हणतंय गा ते?"

म्हटलं, वर पाणी आहे.
डोक्यावरच्या आभाळातली सगळी वाफ
खाली उतरवून पसरली,
तर बोटाच्या एका पेराएवढी उंच साचेल.
तिनं वर पाहिलं.
निळं, कोरडं ठाक.
"आणि त्येच्यात?"
चोर्ल्याच्या बाजूनं एक ढग येत होता,
एकटाच, पिंजून फुगवलेला.
तो पेटीवरून जाईतो मी थांबलो.
शून्य पूर्णांक एक.
केसाएवढं, म्हटलं.
जाडीला एका केसाएवढं.

ती हसली नाही.
मिरच्यांनी चुरचुरणारा हात पुढे धरून
एकेक बोट वाकवून बघत राहिली.
"पेर माझं का तुझं?"

मी मोजपट्टी काढली.
तिच्या अंगठ्याचं भरलं अठ्ठावीस,
करंगळीचं बरोबर एकवीस.
माझं कुठलंच जुळेना.
वहीच्या समासात तेही नोंदलं,
तारीख आणि वेळ घालून.

तोवर तिनं पोतं ओढून मिरच्या भरायला घेतल्या होत्या.
म्हटलं, अक्का, राहू द्या, हा पडणारा ढग नव्हे,
सांगितलं न्हवं, केसाएवढंच पाणी.

"व्हय की," ती म्हणाली, वर न बघता,
"भाकरीत आला तर
एकच पुरतोय."