दोन लाइनी

कुंदाच्या डोक्यात पाणी साचलं तेव्हा
त्यांनी कानामागून एक नळी उतरवली,
कातडीखालून, गळ्याच्या बाजूनं, छातीवरून,
पार पोटाच्या पोकळीत.
बोट फिरवलं तर लागते.
कानामागे बटणाएवढा उंचवटा, तो व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह म्हटल्यावर मला पुढचं कुणी समजावलं नाही.
एकतीस वर्षं मी पालिकेच्या जलखात्यात चावीवाला.
नायगाव, शिवडी, कोळसा बंदर,
पहाटे पावणेचारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लांब चावी आत सोडायची, आटे मोजायचे.
चाळीस आटे झाले की वर कुठंतरी
कुणाच्या तरी रिकाम्या पिंपात पाणी वाजायचं.

आता कुंदाला गिळता येत नाही.
नाकातली नळी तिनं तीनदा उपसून काढली.
चौथ्यांदा घातली तेव्हा तिच्या हातांना मोजे बांधले.
तेव्हा तिनं माझ्याकडं कसं पाहिलं
ते मी कुणाला सांगणार नाही.

मिस्किटा डॉक्टर म्हणाल्या, पोटावरून घालू नळी,
थेट जठरात. वीसेक मिनिटांचं काम.
पण...
आणि संमतीचा कागद उलटा करून
त्यांनी भोपळ्यासारखं एक पोट काढलं.

मी विचारलं, बाई, दोन्ही लाइनी एकाच खड्ड्यातून?

आमच्याकडं एका गल्लीत
पिण्याची लाइन अन् गटाराची लाइन
हातभर अंतरानं जायच्या.
दाब असेपर्यंत काही होत नाही.
पुरवठा बंद झाला, लाइन रिकामी पडली,
की केसाएवढ्या भेगेतून बाहेरचं आत येतं.
सहा घरांत कावीळ.
त्यात शिरवडकरांची धाकटी.
रजिस्टर जमा करून मला नऊ वर्षं झाली,
ते पान अजून माझ्याकडंच आहे.

बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, भीती तीच आहे.
जठरातलं थेंबभर जरी बाहेर झिरपलं,
तर जंतू त्या नळीचं टोक धरून वर जातील.
वर म्हणजे...
त्यांनी पेन टेकवलं, लिहिलं काहीच नाही.
म्हणून ती उजवीकडं आहे तर ही डावीकडं.
म्हणून इतके दिवस थांबलो, पहिली जखम भरू दिली.
आधी अँटिबायोटिकही देऊ.

आणि तरी?

तरी थोडा धोका उरतो, काका.
शून्य मी लिहून देणार नाही.

शून्य लिहून दिलं असतं
तर मी सही केली नसती.

आज अकरावा दिवस.
वहीत नोंद: सकाळी सहा. पन्नास मिली. कोमट. ताप नाही.
सिरिंज उंच धरून मी मुगाचं पाणी सोडतो,
मनगट आपोआप फिरतं,
फिरवायला काही नसताना.

कुंदा पंख्याकडं बघत पडलेली.
मी खाली वाकतो, तिच्या पोटाशी कान नेतो.
सिस्टर दारातून ओरडते, काका, ड्रेसिंग!

मी डोकं उचलतो.
वाजल्यासारखं वाटलं होतं.