आटणीची पट्टी

उद्योजकांच्या मेळाव्यात माईक फिरत होता,
टेबलामागून टेबल, प्रत्येकाला एक मिनिट.
स्टेशन रोडच्या त्या हॉलात एसी एवढा
की उद्यमनगरची माणसं पहिल्यांदाच निवलेली दिसत होती.

माझ्या आधी आण्णासो मगदूम.
दोन लेथ आणि उधारीतलं एक ड्रिल,
पण बोलला असा
की जर्मनी ह्याच्या शेडमागंच सुरू होते.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
खोटं कशाला सांगू, चांगला बोलला.

मग माईक माझ्याकडं.
"रावसाहेब सुतार. पॅटर्न करतो."
आणि बसलो.
आईबापांनी नावच एवढं मोठं ठेवलंय
की पुढं काही लावायचा धीर होत नाही.
चोपन्न सेकंद शिल्लक राहिले,
ते सूत्रसंचालकानं कुठल्याशा शेरानं भरून काढले.

पुण्याचा वक्ता म्हणाला,
स्वतःला थोडं वाढवून सांगायला शिका.
हे मला शिकवतोय होय!
माझ्या खिशात आटणीची पट्टी असते.
तिच्यावरचा फूट फुटापेक्षा किंचित जादा,
कारण ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून सागवानातच शेकडा एक वाढवून ठेवायचं.
एक. दीड नाही.
मगदूमनं किती धरलं होतं, जोतिबालाच ठाऊक.
आणि मी?
तीस वर्षं दुसऱ्यांच्या पंपांना सूट देत आलो,
स्वतःच्या नावावर सूतभरही धरली नाही.

चहाला सगळे घोळक्यात,
मी बेसिनपाशी, तिसऱ्यांदा हात धूत.
शेजारच्या टेबलावर नमुने मांडलेले.
एका पंपाच्या बॉडीत
अंगठा आपोआप आत गेला,
कोपऱ्यावर थांबला.
"हितं तडकतंय न्हवं?"
तोंडातून गेलं. कुणाला विचारलं, बघितलंही नव्हतं.

पडद्याआड एक माणूस उभा होता,
गळ्यातलं नावाचं बिल्ल उलटं फिरवलेला.
"दहात तीन," म्हणाला.
मग आम्ही कोअरवर बोललो,
पावसाळ्यात वाळू कशी फसवते त्यावर,
शिरोळीच्या एका भट्टीवर, जिचा धूर दोघांनीही खाल्लेला.
कपावर साय धरली.
नाव त्यानं विचारलं नाही, मीही नाही.

कागद पाहिजे होता.
पाकिटातलं कार्ड काढलं,
मागच्या कोऱ्या बाजूला कोपरा काढला,
त्यात आठची त्रिज्या.
त्यानं ते चष्म्याच्या डबीत ठेवलं,
रेघ वर, रावसाहेब खाली.

रात्री शालननं विचारलं, "किती वाटली?"
दोनशे छापलेली, दोन वर्षं झाली,
गठ्ठ्याचं रबर तेवढं बदललंय.
"एक," म्हटलं. "ती बी पालथी."

ती तव्याकडं बघत होती.
"बघंल की उलटून," म्हणाली,
आणि भाकरी परतली.