शून्य

बोल्ट काढून नळीतून पाहिलं
तर पलीकडे तुरीच्या दाण्याएवढा उजेड,
त्यात मुरुमाच्या खदानीची तांबडी भिंत,
भिंतीला टेकवलेला खोक्याचा पुठ्ठा
आणि त्यावर कोळशाचा ठिपका.

बुधाजी कुमरे म्हणाले,
"आता हालवू नोको तिले.
नळी जे पाहून राह्यली
तेच दुर्बिणीले पाहाले शिकव."

परवान्यावर माझं नाव नवं आहे,
शाई अजून बोटाला लागेल असं वाटतं.
रायफल मामाची.
दुर्बीण नागपूरहून आणलेली, पेच मीच आवळले,
बुधाजींनी पुन्हा आवळले.
खाली रेतीनं भरलेली दोन पोती,
एक पुढे, एक दस्त्याखाली.

"पह्यले मागचं पाहाय.
गोळी पुठ्ठ्यापाशी थांबत नसते.
मंग ठिपका."

पहिली गोळी डावीकडे गेली.
माझा हात लगेच दुर्बिणीच्या टोपणाकडे.
त्यांनी मनगट धरलं.
"एका गोळीवर इस्वास ठेवते का?
एक त कोनाचीबी लागते, कोनाचीबी चुकते.
तीन मार. मंग बोल."

तीन मारल्या.
नळी थंड होईपर्यंत आम्ही मुरमुरे खाल्ले,
ते फौजेतल्या बर्फाबद्दल काही सांगत होते,
माझ्या कानात अजून शिट्टी.

दोन बोटं डावीकडे, एक बोट खाली.
म्हणून बारा टिचक्या उजवीकडे, सहा वर,
नाण्याच्या कडेनं, मोजत, मोठ्यानं,
घड्याळाला किल्ली द्यावी तशा.

पुन्हा तीन.
बुधाजींना मोतीबिंदू आहे, ते पुठ्ठा वाचत नाहीत,
चाचपतात.
अंगठा भोकांवरून फिरला.
"दोन शिवतात एकमेकीले. हे तिसरी कोन?"
मी गप्प.
"हे तू हायेस. श्वास कोंडला होतास."

मग त्यांनी टोपणावरचा आकडा फिरवून
शून्यावर आणला. म्हणाले,
"पन्नास पावलांवर तुयी नजर अन् गोळी एक.
पुढं ते आपल्या वाटेनं, तू आपल्या."

सहा रिकाम्या पुंगळ्या मोजून डब्यात टाकल्या.

रात्री हरभऱ्यात खसखस झाली.
मचाणावरून दुर्बिणीत डुकरीण दिसली,
नाकानं माती उलथत, मागे चार-पाच पिल्लं.
बांधापर्यंत पन्नास, मी दिवसा मोजलं होतं.
ती बांधावरच होती.
दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात
तिथे तिचा खांदा, अगदी तिथेच.
अर्धा श्वास सोडला.

खांद्याच्या वर, जरा मागे,
एक पिवळा ठिपका होता.
मी दुर्बिणीतून डोळा काढला, पुन्हा लावला.
बुधाजींच्या ओट्यावरचा बल्ब.
ते झोपताना बंद करत नाहीत,
त्यांना दिसत नाही तो चालू आहे.

बोट घोड्यावरून काढलं.
बोल्ट उघडला, गोळी खिशात ठेवली, कोमट होती.
मग रॉकेलचा रिकामा डबा घेतला
आणि काठीनं बडवत राहिले,
पहाटेपर्यंत, मधून मधून.