पोटखराब

सात-बाऱ्यावर ही जागा पोटखराब.
गट नंबर एकोणसाठ, एकवीस आर,
लागवडीस अयोग्य.
तोरणमाळच्या मागच्या अंगाला, जिथं जीप थांबते
तिथून पुढं तासभर चढ.

मी आलो होतो धडगावच्या कचेरीतून
पंचनाम्याला.
खिशात टाचण्यांची डबी, काखेत फाइल,
पायांत चुकीचे बूट.

कोतवाल जात्र्या म्हणाला,
साहेब, थांबा, पुढं जमीन धरत नाही.
मी पाऊल टाकलंच.
धरते. धरली की सोडत नाही.
डावा बूट तिनं ठेवून घेतला.

आश्विनातलं ऊन.
पाणी म्हणावं तर गवत,
गवत म्हणावं तर पोटरीपर्यंत गारठा.
गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या,
सीतेच्या आसवांचा निळसर पट्टा,
आणि लव्हाळ्याच्या काडीवर
आणखी एक काडी, जिला डोळे होते.

ही कोण?
बकऱ्यांमागची खेमली हसली.
माझी अहिराणी, तिची पावरी,
आम्ही भेटलो तिच्या शाळेतल्या मराठीत.
टाचणी, ती म्हणाली. गुरुजींनी सांगितलं.

टाचणी!
एकतीस वर्षं मी टाचण्यांवर काढली.
अर्जाला दाखला टाच, दाखल्याला पावती,
मेलेल्याच्या नावाला वारसाचं नाव.
गंजतात त्या. कागदावर विटकरी ठिपका सोडतात.
ही काळी, सडसडीत,
शेपटाच्या टोकाला एवढंसं निळं,
दौतीत बुडवून झटकायची राहून गेल्यासारखं.
डोळे डोक्याच्या दोन टोकांना,
सोनाराच्या काट्याची दोन पारडी.
पंख पाठीवर मिटलेले.
चतुरासारखे पसरून दाखवायची हौस नाही.

खेमलीनं एक कात दाखवली, काडीला चिकटलेली.
पाठीवर चीर, आत कोणी नाही,
पायांची पकड तेवढी तशीच.
मला आमच्या हेडक्लार्कचा
खुर्चीवर टाकलेला कोट आठवला.
हे तिला सांगितलं नाही.

मग एक जोडी आली.
नरानं मादीची मान शेपटीनं धरलेली,
आणि तशीच, मागं मागं सरकत,
ती काडीवरून पाण्याखाली उतरली.
अंगाभोवती हवेचा चंदेरी पापुद्रा.
नर सुटला, वरच बसून राहिला.
काडीच्या सालीत ती एकेक अंडं
टाचत गेली.
टाचतच गेली.
माझ्या घड्याळात अकरा मिनिटं.
तू श्वास धरला होता, साहेब,
असं जात्र्या नंतर म्हणाला.

सांगायचं राहिलं, पंचनामा कशाचा.
इथं मुरूम टाकायचा आहे.
रविवारच्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला
सपाटी हवी.

दगडावर बसून फॉर्म भरला.
पिके : निरंक.
फळझाडे : निरंक.
विहीर, बांधकाम : निरंक.
भोगवटादार : —
रकाने असतात तेवढेच भरता येतात.
पेन मात्र त्या आडव्या रेघेवर
जरा जास्त वेळ राहिलं, शाई पसरली.

आता नकाशा पंचनाम्याला जोडायचा.
डबी उघडली.
खेमली वाकून बघू लागली.
ही काय?
ही पण टाचणी, म्हटलं.
तिनं एक उचलली,
उन्हात धरली, फिरवली,
बारकाईनं दोन्ही टोकं पाहिली.
डोळे कुठं हिचे?

कागद तसेच, सुटे, खाली आणले.
साहेबांनी विचारलं, नकाशा?
वर वारा फार आहे, म्हणालो.
उडाला असेल.
वारा नव्हता त्या दिवशी. जात्र्याला माहीत होतं.
तो खिडकीतून बाहेर बघत राहिला,
अस्तंब्याच्या दिशेनं, ढग वगैरे.

फाइल सध्या प्रलंबित आहे.
प्रलंबित म्हणजे काही वाचलं असं नाही,
कचेरीत कोणालाही विचारा.
पण टाचणीचं उडतं आयुष्य
असतं काही आठवड्यांचं,
तेवढं तर आमच्या आवक-जावकातच निघून जातं.

नवे बूट घेतले शहाद्याच्या बाजारातून.
डावा अजून वरच आहे,
एकोणसाठ नंबरात.
पाणी साचलं असेल त्यात.