पाती न लावता

आधी पाती काढून ठेव, मी म्हटलं.
इलियासचा चेहरा उतरला.
मामाच्या रेडिओ-दुरुस्तीच्या टेबलावर
चार महिने जोडलेलं हेलिकॉप्टर,
आणि पहिल्याच सकाळी बोडकं.
नवरदेव मांडवात आणून
मुंडावळ्या पिशवीत ठेवायला सांगाव्यात, तसं.

मोशीच्या खाणीशेजारी साडेसहाला वारा नसतो.
कुत्री असतात.
एकाला ग्लुकोजचं बिस्किट देऊन
आम्ही लांब दगडाशी बसवलं.
ते बसलं. इलियास बसेना.

आधी रिमोट चालू, मग बॅटरी.
बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट.
तीनदा म्हणायला लावलं त्याला, पाढ्यासारखं.

एकतीस वर्षं मी खडकीच्या कारखान्यात
तपासणीला होते.
हातातल्या गेजला दोनच टोकं,
एक जातं, एक जात नाही.
जाईल बहुतेक, असं टोक
कुठल्याच गेजला नव्हतं.
ते माणसांना असतं.
सुदामला होतं. त्याची दोन बोटं
नंतर पेन्शनच्या कागदावर आकडा होऊन आली.
हे मी इलियासला सांगितलं नाही.
स्क्रू मोजायला सांगितले.

मोटर फिरली, नुसता दांडा गुणगुणला.
गिअरमध्ये खरखर नाही.
रिमोट घेऊन मी चालत गेले,
चाळीस पावलं, साठ,
बाभळीपलीकडून ओरडले, डावीकडे!
वरची तबकडी डावीकडे कलली.
उजवीकडे! कलली.
मग रिमोट मुद्दाम बंद केला.
मोटर गप्प झाली.
माणसानं हात सोडला की थांबणारं यंत्र
मला आवडतं.

शेवटी शेपटी.
उचलून त्याचं नाक डावीकडे वळवलं.
शेपटीनं त्याला उजवीकडे परतवायला हवं.
शेपटी म्हणाली,
हो हो, अजून डावीकडे.

पुन्हा वळवलं. पुन्हा तेच.
अशा मैत्रिणी मला माहीत आहेत.

इलियासला समजलं तेव्हा
तो सावकाश खाली मातीत बसला.
पाती लावून उडवलं असतं तर
जमीन सुटल्याबरोबर भोवऱ्यासारखं फिरलं असतं,
आणि ती पाती कुणीकडे गेली असती
हे त्या कुत्र्यालाही विचारावं लागलं नसतं.
जायरोवर एक इवलं बटण आहे,
तांदळाच्या दाण्याएवढं.
त्यानं ते नखानं पलीकडे सरकवलं.
आता शेपटी ऐकायला लागली.

मग पाती लावली.
एकाला लाल पट्टी, एकाला पिवळी.
बारा पावलं मागे, आणि डोळे त्याच्या पातळीत नकोत.
फिरताना लाल रेघ पिवळीच्या वर दिसली,
बोटभर.
थांबवून, पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहून,
लाल पात्याची कडी अर्धा फेरा आत.
दुसऱ्यांदा नारिंगी अशी एकच रेघ.

धूळ बाजूला सरली.
खालच्या दांड्या हलक्या झाल्या,
जमिनीला टेकलेल्याच, पण वजन नसलेल्या,
साखर पाहायला चमचा उचलावा इतक्या.
इलियास माझ्याकडे न बघता म्हणाला,
उडवू का मावशी?

माझाही अंगठा तिथेच होता, खोटं कशाला बोलू.

रविवारी, मी म्हटलं,
आणि खाली आणलं. खाली म्हणजे कुठे,
ते खालीच होतं.

परतताना स्कूटर मी चालवली.
मागे त्याच्या मांडीवर हेलिकॉप्टर,
पाती जुन्या नऊवारीच्या तुकड्यात वेगळी,
बॅटरी माझ्या पर्समध्ये,
किल्ल्यांपासून दूरच्या कप्प्यात.
नाशिक फाट्याच्या सिग्नलला
बाजूनं ट्रक गेला,
त्याच्या वाऱ्यानं शेपटीचं पातं
अर्धा फेरा फिरलं.

आम्ही दोघांनी एकदमच पर्स चाचपली.