सुपडू वारके जिवंत आहेत

सावद्याच्या स्टँडवरून साडेचारची जळगाव गाडी सुटायची
तेव्हा मी खिडकीखाली उभा.
खाकी लिफाफा, वर लाल शाईनं: बातमी, तातडीची.
कंडक्टर तो तिकिटांच्या पेटीखाली सरकवायचा,
म्हणायचा, "आज कोण मेलं, मास्तर?"
"कोणी नाही. केळीचा भाव पडला."
"मंग तर जड असंल लिफाफा."

तापीचा पूल ओलांडून माझी अक्षरं जायची,
जळगावात पत्र्याच्या पेटीत पडायची,
रात्री कोणी तरी त्यांचे पाय कापायचं
आणि सकाळी त्याच रस्त्यानं ती परत यायची,
थोडी बुटकी होऊन.
महिनाअखेर मी मुलीची पट्टी घेऊन बसायचो.
इतके सेंटिमीटर, इतके रुपये.
वॅगन मिळत नाहीत, या एका मालिकेवर तिला सायकल आली.

संध्याकाळी रेडिओवर तेच, दोन ओळींत.
निवेदिका "सावदा" म्हणायची
तेव्हा गाव इस्त्री करून घातल्यासारखं वाटायचं.

आता कार्यालयातून निरोप येतो:
उभा काढा, आडवा नको. साठ सेकंद.
पहिल्या तिनात काही तरी घडू द्या.

केळीचा घड उभ्या चौकटीत छान बसतो.
सातपुडा बसत नाही.
मी मागं मागं सरकत बांधावरून पाटात पडलो
तरी बसला नाही.
माझं पडणं मात्र नशीरनं टिपलं,
एक्केचाळीस हजारांनी पाहिलं.
तेहतीस वर्षांत माझं एवढं कोणी वाचलं नव्हतं.

नशीर तडवी, पालचा, वय तेवीस.
मी त्याला सांगतो, निदान दोन माणसांना विचार.
तो मला सांगतो, बोलताना चपलेकडे बघू नका.

फैजपूर रस्त्यावर ट्रक उलटला त्या दिवशी
त्यानं एकाच माणसाला विचारलं.
मी शेजारी होतो.
दुसरा माणूस मी व्हायला हवा होतो.
सातव्या मिनिटाला सुपडू वारके वारले.

सव्वा तासानं ते स्वतः आले,
खांद्यावर पंचा, हातात स्वतःच्या मरणाचा फोन.
खाली अठ्ठावन्न जणांनी हात जोडलेले,
त्यात व्याहीसुद्धा.

आम्ही पुसलं. इतकं स्वच्छ
की चूक झालीच नव्हती.
पूर्वी चूक राहायची.
वाचनालयाच्या बांधीव गठ्ठ्यात पिवळी पडत,
दुसऱ्या दिवशीची चार ओळींची दिलगिरी तिच्या पाठीला पाठ लावून,
भांडलेल्या नवरा-बायकोसारखी.

"तुह्या फोनातून पुसलं," वारके म्हणाले,
"सुरतच्या पोऱ्याच्या फोनात मी मेलेलाच हाये ना भो.
मले पेपरात छाप. जिता हाये म्हनून.
फोटूसकट."

जळगाव म्हणालं, जिवंत असणं ही बातमी नाही.
मी बराच वेळ फोन धरून उभा राहिलो,
काय काय बोललो आठवत नाही.
शेवटी पान पाच, तळाला, भावांच्या शेजारी,
साडेतीन सेंटिमीटर.
मी सवयीनं कागदावर लिहिलं.
नशीरनं कागदाचा फोटो काढून पाठवला.
गाडी आता साडेचारला सुटते की नाही, माहीत नाही.

सकाळी वारक्यांनी सात अंक घेतले.
पहिला तिथंच उघडला, चहाच्या टपरीवर,
आपला चेहरा शोधला, आणि त्यावर
दोन बोटं ठेवून फाकवली.
चेहरा तेवढाच राहिला.
शाई बोटांना लागली, ती पंचाला पुसत म्हणाले,
"फोटू जुना हाये रे."